स्थिर नसलेले स्थिरांक : जैवसंवेदकांच्या पृष्ठभागावरील डीएनए-संकरणाच्या गतिकीची चिकित्सा

गोषवारा

डीएनए-जैवसंवेदकांवरील संशोधनलेखांत पृष्ठभागावर होणाऱ्या संकरणाचा वेग-स्थिरांक नोंदवण्याची प्रथा रूढ झाली आहे. हा स्थिरांक बहुतेक वेळा लँगम्यूरच्या अधिशोषण-समीकरणाशी वक्र जुळवून काढला जातो. असा स्थिरांक अनेकदा डीएनएच्या जोडीचा गुणधर्म नसून त्या पृष्ठभागाचा, क्षाराचा आणि प्रवाहाचा गुणधर्म असतो, हे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. प्रोबची घनता, विद्युत्प्रतिसारण, द्रव्यवहन आणि वियोजनाचे मापन या चार अंगांनी या प्रथेची चिकित्सा केली असून, असा आकडा कोणत्या अटींवर ग्राह्य मानावा याविषयी काही निकष मांडले आहेत.

कळीचे शब्द : डीएनए-संकरण, जैवसंवेदक, रासायनिक गतिकी, लँगम्यूर प्रतिमान, प्रोब-घनता, द्रव्यवहन

१. प्रस्तावना

डीएनएचा एक धागा आपल्या पूरक धाग्याला ओळखतो आणि त्याच्याशी जोडी जमवतो. या साध्या वाटणाऱ्या घटनेला संकरण म्हणतात. या जोडीतील एक धागा काच, सोने किंवा पटल यांच्या पृष्ठभागावर पक्का बसवला आणि दुसरा धागा द्रावणातून त्याच्याकडे येऊ दिला, की जैवसंवेदकाची मूळ कल्पना सिद्ध होते. बसवलेल्या धाग्याला प्रोब आणि येणाऱ्या धाग्याला लक्ष्य-धागा म्हणतात. जोडी जमल्याची खूण प्रकाश, विद्युत्प्रवाह किंवा स्फटिकाच्या कंपनातील बदल यांच्या रूपाने मिळते. काळाच्या अक्षावर ही खूण मांडली म्हणजे एक चढता वक्र तयार होतो. हा वक्र एका समीकरणात बसवून त्यातून काढलेला आकडा म्हणजे वेग-स्थिरांक होय.

‘स्थिरांक’ या शब्दात एक आश्वासन आहे. आज पुण्यात मोजलेला आकडा उद्या दुसऱ्या गावच्या प्रयोगशाळेत, दुसऱ्या उपकरणावरही तोच यावा, हे ते आश्वासन. पृष्ठभागावरील संकरणाच्या बाबतीत ते कितपत पाळले जाते, हा या लेखाचा प्रश्न आहे. हा वाद केवळ परिभाषेचा नाही. रोगनिदानाच्या काही चाचण्या याच संकरणावर उभ्या आहेत आणि त्यांचा निकाल रुग्णाला कोणते औषध द्यावे हे ठरवतो.

२. द्रावणातील संकरणाचा वारसा

पृष्ठभागाकडे वळण्यापूर्वी द्रावणातील संकरणाचा अभ्यास कसा झाला ते पाहणे उपयुक्त ठरेल. उष्णतेने विलग केलेले डीएनएचे धागे हळूहळू थंड केल्यास पुन्हा जोडले जातात, हे १९६० मध्ये मार्मर, डोटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले. १९६८ मध्ये वेटमर आणि डेव्हिडसन यांनी या पुनर्जोडणीची गतिकी सविस्तर मांडली. ही विक्रिया द्वितीय कोटीची आहे, म्हणजे तिचा वेग दोन्ही धाग्यांच्या संहतीवर अवलंबून असतो, आणि वेग-स्थिरांक धाग्याच्या लांबीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो, असे त्यांना आढळले. प्रथम काही मोजक्या बेसची जोडी योग्य जागी जमते. ही पायरी अवघड असते. ती एकदा साधली की उरलेले बेस कपड्याची चेन लावावी तसे भराभर जुळत जातात.

वेटमर आणि डेव्हिडसन यांनी वेग-स्थिरांकाचे जे सूत्र दिले, त्याला अटींची चौकट होती. सोडियम आयनांची संहती १ मोलर आणि तापमान वितळण-तापमानाच्या २५ अंश सेल्सिअस खाली, या परिस्थितीसाठीच ते सूत्र होते. आकडा आणि त्याच्या अटी एकाच वाक्यात होत्या. पुढे आकड्यांचा प्रवास सुरू झाला तेव्हा अनेक ठिकाणी अटी मागे राहिल्या.

द्रावणातही हा विषय वाटतो तितका सरळ नाही. ३६ बेस लांबीच्या अनेक धाग्यांवर केलेला आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास सांगतो, की लांबी सारखी असली तरी केवळ बेसच्या क्रमामुळे वेग-स्थिरांक मोठ्या पल्ल्यात विखुरतात. धागा स्वतःवरच दुमडून गाठ मारून बसला, तर जोडीदाराला तो सहजी सापडत नाही. जिथे पृष्ठभागच नाही तिथे ही स्थिती असेल, तर पृष्ठभागावर किती सावधपणा हवा याची कल्पना येते.

३. लँगम्यूरचे समीकरण आणि त्याची गृहीतके

नायट्रोसेल्युलोजच्या पटलावर डीएनए बसवून त्याच्याशी आरएनएचे संकरण करण्याची पद्धत १९६५ मध्ये गिलेस्पी आणि स्पीगेलमन यांनी दिली. १९७५ मध्ये सदर्न यांची पद्धत आली आणि १९९५ मध्ये काचेवरील सूक्ष्म-मांडणीचे तंत्र प्रसिद्ध झाले. दरम्यान, १९९० मध्ये पृष्ठ-प्लाझ्मॉन अनुस्पंदनावर आधारित व्यापारी उपकरण बाजारात आले आणि पृष्ठभागावरील जोडणी घडत असतानाच तिची नोंद घेणे शक्य झाले. वक्र हाती आले. त्यांचा अर्थ लावण्यासाठी समीकरण हवे होते, आणि ते आयते उपलब्ध होते.

अर्व्हिंग लँगम्यूर यांनी १९१८ मध्ये काच, अभ्रक आणि प्लॅटिनम यांच्या सपाट पृष्ठभागांवर वायू कसे चिकटतात याचा सिद्धान्त मांडला होता. त्याची गृहीतके मोजकी आहेत. पृष्ठभागावरील सर्व जागा सारख्या असतात. एका जागी एकच रेणू बसतो. शेजारची जागा भरलेली आहे की रिकामी, याच्याशी बसणाऱ्या रेणूला कर्तव्य नसते. या गृहीतकांवर भरणीचा वेग संयोजन-स्थिरांक, संहती आणि रिकाम्या जागा यांच्या गुणाकाराइतका, आणि सुटण्याचा वेग वियोजन-स्थिरांक आणि भरलेल्या जागा यांच्या गुणाकाराइतका येतो. वक्र एका घातांकी पदाने वर्णिता येतो. निरनिराळ्या संहतींना मिळालेले वेग आलेखावर मांडले की सरळ रेषा मिळते. तिचा चढ म्हणजे संयोजन-स्थिरांक आणि तिने उभ्या अक्षावर कापलेले अंतर म्हणजे वियोजन-स्थिरांक. पदव्युत्तर विद्यार्थ्यालाही हे एका दुपारी करता येते, आणि हीच त्याच्या लोकप्रियतेची गुरुकिल्ली आहे.

आता ही गृहीतके डीएनएला लावून पाहू. वायूचा रेणू लहान आणि विद्युत्भाररहित असतो. डीएनएचा धागा लांब, लवचीक आणि जवळजवळ प्रत्येक बेसमागे एक ऋणभार वाहणारा असतो. एक लक्ष्य-धागा जोडला गेला की त्या जागेचा ऋणभार सुमारे दुप्पट होतो आणि पुढे येणाऱ्या धाग्याला शेजारून अधिक प्रतिसारण सहन करावे लागते. म्हणजे शेजाऱ्याशी कर्तव्य नसण्याचे गृहीतक पहिल्याच जोडणीपासून ढळू लागते. सोन्यावर थायॉलच्या साहाय्याने बसवलेले प्रोब काही उभे, काही आडवे, काही दाट घोळक्यात तर काही विरळ जागी असतात, त्यामुळे सर्व जागा सारख्या असल्याचा दावाही टिकत नाही. शिवाय, चॅन, ग्रेव्ह्ज आणि मॅकेन्झी यांनी १९९५ मध्ये दाखवल्याप्रमाणे, लक्ष्य-धाग्याला प्रोबपर्यंत येण्याचे दोन मार्ग असू शकतात. तो द्रावणातून थेट येतो, किंवा आधी पृष्ठभागावर कुठेतरी सैलसा चिकटून मग सरकत प्रोबपर्यंत पोहोचतो. एकाच संयोजन-स्थिरांकात या दोन्ही मार्गांची बेरीज दडलेली असते.

४. प्रोब-घनतेचा पुरावा

या चिकित्सेतील सर्वांत सबळ पुरावा प्रोबच्या घनतेविषयीचा आहे. १९९७ मध्ये हर्न आणि टार्लोव्ह यांनी सोन्यावर थायॉलयुक्त डीएनए बसवून नंतर मर्कॅप्टोहेक्झानॉल या लहान रेणूचा थर देण्याची पद्धत प्रसिद्ध केली. हा लहान रेणू सोन्याला आडवे चिकटलेले बेस सोडवतो आणि धागे द्रावणाकडे उभे राहतात. त्यामुळे प्रोब-थर नियंत्रित करण्याची वाट खुली झाली. २००१ मध्ये पीटरसन, हीटन आणि जॉर्जिआडिस यांनी याच वाटेने जाऊन दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २ लाख कोटींपासून १२ लाख कोटींपर्यंत प्रोब असलेले थर तयार केले आणि त्यांवरील संकरण मोजले. विरळ थरावर जवळजवळ सर्व प्रोबना जोडीदार मिळाले आणि वक्र लँगम्यूरच्या रूपाशी जुळला. दाट थरावर केवळ सुमारे १० टक्के प्रोबना जोडीदार मिळाले आणि वेगही मंदावला. धागे तेच होते. बदलली ती त्यांच्यातील दाटी.

यामागील कारण साध्या अंकगणितानेही ध्यानात येते. दर चौरस सेंटिमीटरला १० लाख कोटी प्रोब म्हणजे प्रत्येक प्रोबच्या वाट्याला १० चौरस नॅनोमीटर जागा आणि शेजाऱ्यापासून सुमारे ३ नॅनोमीटर अंतर. दुहेरी सर्पिलाचा व्यास २ नॅनोमीटर आहे. म्हणजे प्रत्येक प्रोबने जोडीदार मिळवायचा म्हटले, तर दोन सर्पिलांमध्ये १ नॅनोमीटरच जागा उरते. क्षाराची संहती १ मोलर असताना ऋणभाराचा प्रभाव सुमारे ०.३ नॅनोमीटर अंतरावर ओसरतो. ०.१ मोलर असताना तो सुमारे १ नॅनोमीटरपर्यंत आणि ०.०१ मोलर असताना सुमारे ३ नॅनोमीटरपर्यंत जाणवतो. म्हणून दाट थर तीव्र क्षारात कसाबसा काम करतो आणि सौम्य क्षारात जवळजवळ बंद पडतो. २००२ मध्ये वैनरुब आणि पेटिट यांनी याच परिणामाचे सैद्धान्तिक विवेचन करून त्याला विद्युत्भारजन्य अडथळ्याचे रूप दिले.

विरळ थरावर वक्र लँगम्यूरच्या रूपाशी जुळतो, याचा अर्थ लँगम्यूर चुकले असा होत नाही. त्यांचे समीकरण जिथे त्याची गृहीतके खरी ठरतात तिथे खरे आहे. दोष आहे तो ती खरी आहेत की नाहीत हे न तपासता समीकरण वापरण्याचा. ज्या लेखात प्रोबची घनता मोजलेलीच नाही, त्या लेखातील वेग-स्थिरांक नेमका कोणत्या अवस्थेचा, हे वाचकाला कसे कळावे?

५. प्रवाहाची छाया

दुसरी अडचण द्रव्यवहनाची आहे. जोडणी होण्यापूर्वी लक्ष्य-धाग्याला पृष्ठभागापर्यंत पोहोचावे लागते. पृष्ठभागालगत द्रावणाचा एक पातळ थर जवळजवळ स्थिर असतो आणि तो थर विसरणानेच पार करावा लागतो. जोडणी जलद आणि पुरवठा मंद असेल, तर उपकरण जोडणीचा वेग न मोजता पुरवठ्याचा वेग मोजते.

सुमारे २० बेसच्या धाग्याचा विसरण-गुणांक पाण्यात दर सेकंदाला सुमारे १०० चौरस मायक्रोमीटर मानता येतो. विसरण-थर १० मायक्रोमीटर जाड धरला, तर पुरवठ्याचा वेग सेकंदाला १० मायक्रोमीटर येतो. संयोजन-स्थिरांक प्रति मोलर प्रति सेकंद १ लाख आणि प्रोब-घनता चौरस सेंटिमीटरला १० लाख कोटी धरली, तर त्याच एककात जोडणीचा वेग सुमारे १७ मायक्रोमीटर येतो. म्हणजे जोडणीची क्षमता पुरवठ्यापेक्षा अधिक आहे आणि मिळालेल्या वक्रावर प्रवाहाची छाया पडलेली आहे. घनता २ लाख कोटींवर आणली की जोडणीचा वेग सुमारे ३ मायक्रोमीटरवर उतरतो आणि ती छाया बरीच विरते. विसरण, प्रवाह आणि विक्रिया यांचा हा तोल कसा तपासावा, याची सुबोध मांडणी स्क्वायर्स, मेसिंजर आणि मनालिस यांनी २००८ मध्ये केली आहे. प्रवाहाचा वेग बदलून वक्र बदलतो का, एवढी एक चाचणीही पुष्कळ काही सांगून जाते. तरीही ती वगळण्याचा मोह आवरत नाही, कारण तिला वेळ आणि महागडे नमुने लागतात.

संवेदकाच्या ‘संवेदनशीलते’विषयीच्या दाव्यांनाही हाच हिशेब लावता येतो. संयोजन-स्थिरांक १ लाख आणि वियोजन नगण्य मानले, तर १ नॅनोमोलर संहतीला जोडणीचा लाक्षणिक काळ १० हजार सेकंद, म्हणजे पावणेतीन तासांहून थोडा अधिक येतो. १ पिकोमोलरला तोच काळ १ कोटी सेकंद, म्हणजे सुमारे ११६ दिवस होतो. इतक्या विरळ नमुन्याची ओळख अर्ध्या तासात पटवणारा संवेदक समतोलाच्या जवळपासही पोहोचलेला नसतो. तो वक्राची अगदी सुरुवात वाचत असतो. त्यात गैर काही नाही, मात्र त्यावर समतोलाचे सूत्र लावणे गैर आहे.

६. वियोजनाचे मापन आणि विजोड बेस

तिसरा आक्षेप वियोजन-स्थिरांकाविषयी आहे. २० बेसची पूर्ण पूरक जोडी सामान्य तापमानाला फारच सावकाश सुटते. वियोजन-स्थिरांक सेकंदाला १ लाखांशाइतका असेल, तर १० मिनिटांच्या धुण्यात केवळ ०.६ टक्के जोड्या सुटतील. उपकरणाची मूळ रेषा एवढी तर स्वतःहूनही सरकते. शिवाय सुटलेला धागा द्रावणात जाण्याआधी शेजारच्या रिकाम्या प्रोबला पुन्हा जोडला जाऊ शकतो. अशा स्थितीत दोन सार्थ अंकांसह छापलेला वियोजन-स्थिरांक म्हणजे डीएनएपेक्षा उपकरणाच्या सरकण्याचे मापन ठरण्याचा धोका असतो.

हा धोका गंभीर आहे, कारण संवेदकाची विवेकशक्ती वियोजनातच आहे. एका बेसच्या फरकामुळे विजोड झालेला धागा प्रोबला जोडला जाण्याचा वेग फारसा घटत नाही, सुटण्याचा वेग मात्र पुष्कळ वाढतो. म्हणजे सुरुवातीला योग्य आणि विजोड दोघेही जवळजवळ सारख्याच वेगाने जागा पटकावतात. योग्य धागा काळ पुढे सरकेल तसा वरचढ ठरत जातो. सूक्ष्म-मांडणीवर संकरणाचा कालावधी वाढवत नेल्यास खरी आणि खोटी जोडणी निराळी ओळखता येते, हे २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दाखवले गेले. मापन कोणत्या क्षणी थांबवले, यावर ‘ओळख’ अवलंबून असते, हा त्यातून निघणारा धडा आहे.

७. चाचणीच्या पट्टीवरील बोध

या चर्चेचा व्यवहाराशी असलेला संबंध क्षयरोगाच्या एका चाचणीतून स्पष्ट होतो. क्षयरोगाचा जंतू रिफॅम्पिसिन या औषधाला दाद देतो की नाही, हे बहुतांशी त्याच्या एका जनुकातील ८१ बेस-जोड्यांच्या टापूवरून कळते. या औषधाला प्रतिकार करणाऱ्या सुमारे ९५ टक्के जंतूंमध्ये उत्परिवर्तन याच टापूत असते. लाइन प्रोब चाचणीत जंतूचा डीएनए विपुल करून, त्याचे धागे विलग करून, प्रोब बसवलेल्या पट्टीवर सोडले जातात. ठरलेल्या तापमानाला संकरण आणि त्यानंतर कठोर धुलाई झाली की रंगीत रेषा उमटतात. मूळ क्रमाची रेषा गैरहजर असेल किंवा उत्परिवर्तित क्रमाची रेषा दिसली, तर औषध निरुपयोगी ठरण्याची शक्यता असते. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये या चाचणीची शिफारस केली आणि भारताच्या राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रमातील प्रयोगशाळांनीही ती वापरली आहे.

ही पट्टी कोणताही वेग-स्थिरांक छापत नाही. परंतु तिच्या धुलाईचे तापमान, काळ आणि क्षार यांत विजोड धाग्याचा वियोजन-वेग अंतर्भूत आहे. धुलाई सौम्य झाली तर विजोड धागा टिकून राहील आणि प्रतिकार असतानाही मूळ क्रमाची रेषा उमटू शकेल. ती अति कठोर झाली तर योग्य धागाही सुटून जाईल. म्हणून या चाचणीच्या कार्यपद्धतीत प्रत्येक अट नेमकेपणाने लिहिलेली असते आणि तंत्रज्ञ ती पाळतो. ज्याच्या हातून रुग्णाचा निकाल जाणार असतो, त्याला अटी विसरणे परवडत नाही. जो संशोधक केवळ एक आकडा प्रसिद्ध करणार असतो, त्याला मात्र अटी वगळण्याची मुभा आपल्या विद्याशाखेने दिली आहे. ही विसंगती खटकणारी आहे.

८. संभाव्य आक्षेप

या प्रतिपादनावर दोन आक्षेप येऊ शकतात. पहिला असा, की प्रत्येक प्रतिमान हे सरलीकरणच असते. हे मान्य आहे. तथापि सरलीकरणाची मर्यादा सांगणे हे ते वापरणाऱ्याचेच कर्तव्य आहे. दुसरा आक्षेप असा, की लँगम्यूर अपुरे पडत असेल तर अधिक गुंतागुंतीचे समीकरण वापरावे, दोन घातांकी पदे घ्यावीत किंवा जागांच्या विषमतेसाठी एक जादा घात जोडावा. हा उपाय अनेकदा रोगापेक्षा वाईट ठरतो. जवळजवळ कोणताही चढता वक्र दोन घातांकी पदांत बसतो. जुळणीचा निर्देशांक १ च्या जवळ पोहोचतो आणि समाधान लाभते, पण त्या दोन पदांना प्रयोगात कोणता अर्थ आहे हे अनुत्तरित राहते. वक्र जुळला म्हणजे यंत्रणा कळली, असे नव्हे.

९. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निकष सुचवावेसे वाटतात. पहिला, प्रोबची घनता स्वतंत्र रीतीने मोजून वेग-स्थिरांकासोबत नोंदवावी. दुसरा, क्षाराची संहती आणि तापमान हे वेग-स्थिरांकाचाच भाग मानून त्याच वाक्यात द्यावेत. तिसरा, सर्व संहतींचे वक्र एकाच स्थिरांकांच्या जोडीने एकत्रितपणे जुळवावेत, प्रत्येक वक्राला स्वतंत्र आकडा देऊ नये. चौथा, किमान दोन प्रवाह-वेगांना मापन करून द्रव्यवहनाचा प्रभाव तपासावा. पाचवा, संयोजन आणि वियोजन स्थिरांकांचे गुणोत्तर समतोलावरून स्वतंत्रपणे काढलेल्या स्थिरांकाशी ताडून पाहावे आणि दोन्ही जुळत नसतील तर तसे स्पष्ट लिहावे.

यांतील बहुतेक गोष्टींना नवे उपकरण लागत नाही, लागतो तो वेळ आणि संयम. साधनांची वानवा असलेल्या आपल्या महाविद्यालयीन प्रयोगशाळांतही त्या करता येण्याजोग्या आहेत. किंबहुना विरळ थर, एक धागा, तीन संहती आणि दोन प्रवाह-वेग एवढ्यावर उभा असलेला छोटा पण प्रामाणिक प्रकल्प, अटींविना दिलेल्या दहा स्थिरांकांपेक्षा अधिक मोलाचा ठरेल.

संहती, प्रवाह आणि घनता बदलूनही जो आकडा बदलत नाही, त्यालाच स्थिरांक म्हणावे. उरलेल्या आकड्यांना ‘या परिस्थितीत आढळलेला वेग’ असे साधे नाव द्यावे. त्यामुळे लेखाची प्रतिष्ठा कदाचित थोडी कमी होईल, पण दुसऱ्या प्रयोगशाळेतील वाचकाला त्या आकड्याचे काय करावे हे निश्चित कळेल.